मूसच्या शिकारीत सॅटेलाइट मेसेंजर: अकरा महिने वापरल्यावर

मागच्या फेब्रुवारीत मी मुठीत मावेल एवढा सॅटेलाइट मेसेंजर घेतला, म्हणजे मोबाईलला रेंज नसली तरी उपग्रहामार्फत छोटे संदेश आणि आपलं ठिकाण पाठवणारं यंत्र. सप्टेंबरमध्ये फ्लोटप्लेनने, म्हणजे पाण्यावर उतरणाऱ्या छोट्या विमानाने, एका दूरच्या तळ्यावर उतरून मूसच्या (हरणांतलं सगळ्यात मोठं जनावर) शिकारीला जायचं ठरलं होतं. तिथे मोबाईलला रेंज नाही, रस्ता नाही, आणि विमान एकदा उडालं की ते परत येईपर्यंत आपण आणि जंगल. अकरा महिने वापरून झाले, म्हणून सविस्तर लिहितोय.

मी मूळचा कोल्हापूरचा. अलास्कातल्या फेअरबँक्समध्ये राहून सहावं वर्ष चाललंय. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यापासून शिकारीला बंदी आहे, त्यामुळे घरी हे समजावून सांगायला वेळ लागला. इथे ती हिवाळ्याची बेगमी असते. सलग १२ महिने अलास्कात घर करून राहिलेल्याला रहिवाशाचा परवाना मिळतो, ४५ डॉलरला. बाहेरच्या राज्यातून येणाऱ्या अमेरिकन नागरिकाला परवान्याचे १६० आणि वर मूसच्या टॅगचे, म्हणजे त्या जनावरासाठीच्या वेगळ्या परवानगीचे, ८०० डॉलर पडतात. जो अमेरिकेचा नागरिकही नाही आणि अलास्काचा रहिवासीही नाही, त्याला कुठल्याही मोठ्या प्राण्याच्या शिकारीसाठी परवानाधारक गाइड सोबत ठेवावाच लागतो. पुण्याहून दोन मित्रांनी ‘आम्हीही येतो’ म्हटलं, तेव्हा त्यांना पहिलं हेच सांगितलं.

यंत्र आलं तेव्हा बाहेर उणे ३२ होतं. दर रविवारी स्कीइंगला जाताना ते पिशवीच्या बाहेर अडकवून नेलं. दहा-दहा मिनिटांनी ठिकाण पाठवत ठेवलं तर त्या थंडीत बॅटरी दुपारपर्यंत अर्ध्यावर यायची. तेच जॅकेटच्या आत, छातीच्या खिशात ठेवलं आणि तासातून एकदाच बाहेर काढलं, तर तीन दिवस सहज गेले. हे मार्चमध्येच कळलं हे बरं झालं.

संदेश इरिडियमच्या ६६ उपग्रहांच्या जाळ्यातून जातात, म्हणजे पृथ्वीवर कुठूनही. पण यंत्राला वरचं आकाश दिसायला हवं. उघड्या गोठलेल्या नदीवर संदेश दोन-तीन मिनिटांत जायचा. दाट स्प्रूसखाली (इथली सूचिपर्णी झाडं) किंवा डोंगराच्या कुशीत तोच वीस-पंचवीस मिनिटं अडकून राहायचा. म्हणून तंबूची जागा निवडताना पाणी, उंचवटा आणि वारा यांच्याबरोबर आम्ही आकाशही पाहिलं.

आता आखणीबद्दल, कारण तिथे या यंत्राने माझ्या डोक्यातला हिशेबच बदलला. आमच्या पायलटबाई तीस-पस्तीस वर्षं बीव्हर जातीचं छोटं फ्लोटप्लेन उडवताहेत. बुकिंगच्या वेळी त्यांनी मला एकच प्रश्न विचारला: ‘मूस पडल्यावर मला किती वेळात कळवाल?’ मी तोपर्यंत यंत्राकडे अपघात झाला तर मदत बोलवायचं साधन म्हणूनच पाहत होतो. त्यांना काळजी मांसाची होती. राज्याच्या वन्यजीव खात्याच्या हिशेबात १६०० पौंडांच्या मूसचं खाण्याजोगं मांस सुमारे ५०० पौंड निघतं, म्हणजे सव्वादोनशे किलोंच्या पुढे. पुढचे फरे, मागच्या मांड्या, बरगड्या, मान, पाठीची पट्टी, सगळं बाहेर काढणं कायद्याने बंधनकारक आहे. खाण्याजोगं मांस रानात टाकून येणं गुन्हा आहे. शिंगंही मांसाच्या आधी बाहेर नेता येत नाहीत, ती शेवटच्या खेपेबरोबरच जातात. दोन माणसं, त्यांचं सामान आणि एवढं मांस बीव्हर एका खेपेत उचलत नाही. जास्तीची खेप कधी लागणार हे बाईंना जितकं लवकर कळेल, तितकं मांस वाचणार.

यंत्राचा उपयोग कुठे करायचा नाही हेही इथेच सांगतो. रेडिओ, मोबाईल किंवा सॅटेलाइट फोनच्या मदतीने जनावर गाठून मारणं अलास्कात बेकायदा आहे. पायलटने वरून पाहून ‘टेकडीपलीकडे मूस आहे’ असं कळवणं चालत नाही. विमानातून उतरलात की दुसऱ्या दिवशी पहाटे ३ वाजेपर्यंत शिकारही करता येत नाही. मला हे नियम मनापासून पटतात.

निघायच्या दिवशी फ्लोट पाँडवर, म्हणजे ही विमानं जिथून उडतात त्या तळ्यावर, बाईंनी आम्हाला बुटांसकट काट्यावर उभं केलं, मग एकेक पिशवी तोलली. कडक पेट्या चालत नाहीत, मऊ पिशव्या लागतात, कारण त्या विमानाच्या शेपटीपर्यंत कोंबता येतात. अस्वलासाठीचा स्प्रे त्यांनी केबिनमध्ये घेतला नाही, फ्लोटच्या (विमानाखालच्या तरंगत्या पोकळ नळ्यांच्या) कप्प्यात ठेवला. तो उडताना आत फुटला तर पायलटचेच डोळे जातील.

चौथ्या दिवशी संध्याकाळी सातच्या सुमाराला माझ्या सोबत्याने मूस पाडला, तळ्यापासून पाऊण किलोमीटरवर. त्या मोसमाच्या मानाने दिवस गरम होते, दुपारी १५ अंशांपर्यंत. सोबती सोलायला बसला आणि मी यंत्र घेऊन उघड्यावर आलो. फोन जोडून लिहायला गेलो तर दमटपणाने फोन बंद पडलेला. यंत्रावर एकेक अक्षर निवडत लिहायचं, तेही रक्ताने चिकट झालेल्या बोटांनी, फार त्रासाचं होतं. नशीब, घरून निघताना तीन तयार संदेश भरून ठेवले होते. त्यातला एक नेमका ‘मूस पडला, मांस घेऊन चला’ असा होता. तो पाठवला. स्प्रूसच्या कडेला असल्यामुळे जायला चाळीस मिनिटं लागली. हे तयार संदेश घरी, इंटरनेट असतानाच भरावे लागतात. रानात पोचल्यावर ते बदलता येत नाहीत.

बाईंचं उत्तर रात्री अकराला आलं. सकाळी धुकं असणार, दुपारनंतर बघू. मग धुकं दीड दिवस हललंच नाही. आम्ही दोन स्प्रूसच्या मध्ये आडवा दांडा बांधला, मांस जाळीदार कापडी पिशव्यांत घालून टांगलं आणि वर ताडपत्री अशी ताणली की पाऊस लागू नये पण वारा खेळावा. पिशव्या एकमेकींना टेकू दिल्या नाहीत. दर दोन तासांनी मी मागच्या मांडीच्या खुब्यात, हाडाच्या वाटीजवळ, दोन बोटं घालून बघायचो. बाहेरचं मांस गार आणि कोरडं होऊन त्यावर साय धरल्यासारखा चामट पापुद्रा आला, तरी खुबा पहिल्या रात्री उशिरापर्यंत हाताला गरम लागत होता. मांस नासायला सुरुवात तिथूनच होते. पहाटे तोही गार लागला तेव्हा आम्ही चहा टाकला.

त्या दीड दिवसात यंत्राने जी मदत केली, ती मला सगळ्यात मोलाची वाटते. बाई दर सहा तासांनी त्यांच्याकडचं हवामान कळवत होत्या आणि मी तळ्यावरचं: ढग किती खाली आहेत, समोरची टेकडी दिसते का, पाण्यावर लाटा किती. निघायचं की नाही हा निर्णय त्यांचा. पण माझ्या चार ओळींमुळे त्यांची एक तरी फुकटची फेरी वाचली असं त्यांनीच नंतर सांगितलं. धुक्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते वर सरकलं. मी ‘टेकडी पूर्ण दिसते’ असं पाठवलं आणि दीड तासाने बीव्हरचा आवाज आला. मांसाची पहिली खेप त्याच संध्याकाळी निघाली, आम्ही आणि शिंगं दुसऱ्या दिवशी.

तक्रारी तीन आहेत. यंत्रावर लिहिणं त्रासाचं, ते वर आलंच. फोनवरचं अ‍ॅप उन्हाळ्यात एका अपडेटनंतर दोन आठवडे यंत्राशी जोडलंच जात नव्हतं, आणि कंपनीकडून उत्तर यायला पाच दिवस लागले. ते सप्टेंबरमध्ये घडलं असतं तर आम्ही अडकलो असतो. म्हणून शिकारीच्या महिनाभर आधीपासून मी काहीही अपडेट करत नाही.

तिसरी तक्रार यंत्राची म्हणता येणार नाही. आईला मी नकाशावर माझा ठिपका दिसेल अशी सोय करून दिली होती. मांस राखत बसलो ते दोन दिवस ठिपका एकाच जागी थांबला आणि तिने दादाला रात्री दोनला उठवलं. ‘जेवलो, ठीक आहे’ हा संदेश रोज जात होता, पण हलत नसलेला ठिपका तिला जास्त खरा वाटला. आता निघण्याआधी तिला फोन करून सांगतो की शिकार झाली तर आम्ही दोन-तीन दिवस जागचे हलणार नाही.

घ्यावं का? फ्लोटप्लेनने जाणार असाल तर नक्की घ्या. पण खाणं मात्र यंत्र नाहीच असं धरून न्या. आम्ही ठरलेल्या दिवसांवर पाच दिवसांचं जास्तीचं नेलं होतं आणि त्यातलं दोन दिवसांचं खाल्लं. धुक्यात विमान उडत नाही, मग तुमचा संदेश पोचो न पोचो.

पुढच्या सप्टेंबरच्या तारखा बाईंकडे घेऊन ठेवल्यात. या खेपेला सोबतीही स्वतःचं यंत्र घेतोय. दुसऱ्या पहाटे मी यंत्र घेऊन तळ्याकाठी हवामान कळवत होतो आणि तो मांसापाशी एकटा होता. तेवढ्यात आतड्यांच्या ढिगावर एक ग्रिझली अस्वल आलं. मांस आम्ही त्या ढिगापासून दोनशे पावलांवर टांगलं होतं, म्हणून ते तिकडेच रमलं. सोबती स्प्रे हातात धरून वीस मिनिटं उभा राहिला, आणि मी परत येईपर्यंत मला त्यातलं काहीच कळलं नाही.