लेथवरच्या रोबोची खरेदी आणि आमची झालेली फसवणूक

सीएनसी लेथवर (संगणकाच्या आज्ञेने धातू कापून आकार देणाऱ्या यंत्रावर) जॉब, म्हणजे कापायचा सुटा भाग, चढवण्या-उतरवण्यासाठी रोबो किंवा गँट्री लोडर (यंत्रावरच्या आडव्या तुळईवरून सरकणारा हात) बसवण्याच्या विचारात असलेल्या लघुउद्योजकांनी आगाऊ रक्कम देण्यापूर्वी हे वाचावे, म्हणून लिहीत आहे. वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत आमचे छोटे वर्कशॉप आहे आणि दुचाकीच्या गिअर ब्लँकचे (दाते पाडण्यापूर्वीच्या गोल तुकड्यांचे) टर्निंग, म्हणजे लेथवर फिरवून कापणे, हे आमचे मुख्य काम. १९८५ मध्ये बजाज ऑटोचा कारखाना येथे सुरू झाल्यानंतर अशी कामे करणारी अनेक वर्कशॉप या परिसरात उभी राहिली आणि माणसांची अडचण बहुतेकांची सारखीच आहे. महालक्ष्म्या आल्या, सोयाबीनची काढणी आली, की गंगापूर, वैजापूर, पैठणकडची मुले गावी जातात आणि हातात ऑर्डर असूनही रात्रपाळीला मशीन बंद ठेवावी लागते. विक्रेत्यांना ही अडचण पुरेपूर ठाऊक असते.

आमच्याकडे आलेल्या बाहेरगावच्या पुरवठादाराचा प्रस्ताव कागदावर उत्तम होता. समोरासमोर दोन लेथ, मध्ये सहा अक्षांचा रोबो, त्याच्या मनगटाला दोन ग्रिपर, म्हणजे पकडणारे पंजे. एका ग्रिपरने तयार जॉब चकमधून (जॉब पकडून फिरवणाऱ्या लेथच्या भागातून) काढायचा, मनगट फिरवून दुसऱ्या ग्रिपरमधला कच्चा ब्लँक त्याच फेरीत चकमध्ये द्यायचा, पहिली बाजू झालेला जॉब मधल्या स्टँडवर उलटून दुसऱ्या लेथला द्यायचा, अशी ती रचना. चक उघडल्यापासून पुढचा जॉब पकडला जाईपर्यंत आठ सेकंद लागतील, असे त्यांनी लेखी दिले होते. आमचा कुशल ऑपरेटरही दरवाजा उघडून, चकचे जॉ (पकडणारे जबडे) पुसून, जॉब बसवून पुन्हा सायकल चालू करेपर्यंत त्याहून जास्त वेळ घेतो, त्यामुळे हा आकडा मोहात पाडणारा होता. रकमेची अट अशी होती : चाळीस टक्के ऑर्डरबरोबर, पन्नास टक्के माल निघण्यापूर्वी आणि उरलेले दहा टक्के मशीन चालू करून दिल्यावर. या धंद्यात ही अट सर्रास दिसते. तिचा अर्थ एवढाच, की रोबो आपल्या जागेवर एकही जॉब चढवण्यापूर्वी विक्रेत्याच्या खिशात नव्वद टक्के रक्कम गेलेली असते.

प्रात्यक्षिकासाठी त्यांनी आमचेच ब्लँक मागवून घेतले. त्यांच्या शेडमध्ये रोबोने ते सगळे एकापाठोपाठ एक, एकदाही न अडखळता चढवले आणि उतरवले. पुढे रोबोबरोबर ते ब्लँक एका क्रेटमधून परत आले, तेव्हा आमच्याकडच्या सर्वांत जुन्या ऑपरेटरने, ज्यांना सगळे मामा म्हणतात, त्यांतला एक हातात घेऊन फिरवून पाहिला. ‘साहेब, आपल्या फोर्जिंगला इथं काळी साल असती. ह्याच्यावरनं कुणीतरी आधीच टूल फिरवलंय,’ असे ते म्हणाले. फोर्जिंग म्हणजे तापवलेला धातू डायमध्ये (साच्यात) दाबून घडवलेला ब्लँक. ग्रिपरची बोटे जिथे पकडतात, नेमक्या त्याच पट्ट्यावर प्रत्येक ब्लँक बारीक कट घेऊन चकचकीत केलेला होता आणि डायच्या जोडावर उरणारा फ्लॅश, म्हणजे जास्तीच्या धातूची कड, तोही घासून काढलेला होता. फोर्जिंगचा बाहेरचा व्यास नगागणिक बदलतो, डाय झिजत जाते तसा फ्लॅश जाड होत जातो, आणि लेथवरच्या रोबोची खरी परीक्षा याच फरकावर असते. तो फरकच काढून टाकल्यावर कोणताही रोबो न अडखळता चालेल. आमच्या शेडमध्ये कच्चे ब्लँक लावल्यावर ग्रिपरमधून जॉब तिरका सरकू लागला आणि काही वेळा चकच्या तोंडाशी आपटून खाली पडला.

दुसरी गोष्ट रोबोच्या क्षमतेची. मनगटावर जितके वजन पेलता येते, त्यात ग्रिपरचे आणि त्याच्या ब्रॅकेटचे वजन धरलेले असते, ही बाब कोटेशनमध्ये क्वचितच स्पष्ट केलेली असते. आमच्या दोन ग्रिपरचे ब्रॅकेटसह वजन सात किलो भरले. जॉब १.८ किलोचा, आणि अदलाबदलीच्या क्षणी तयार आणि कच्चा असे दोन्ही जॉब हातात असतात. म्हणजे एकूण भार १०.६ किलो. पाठवलेला रोबो १० किलो क्षमतेचा होता, प्रात्यक्षिकातला २० किलोचा. कोटेशनमध्ये ‘योग्य क्षमतेचा सहा अक्षांचा रोबो’ एवढेच शब्द होते. भार जास्त झाल्यामुळे त्यांच्या माणसाने वेग निम्म्यावर आणून ठेवला, आणि आठ सेकंदांचे काम वीस सेकंदांच्याही पुढे गेले. शिवाय रोबो नवा नव्हताच. बाहेरून ताजा पिवळा रंग होता, पण नेमप्लेटचे स्क्रूसुद्धा त्याच रंगाखाली गेलेले पाहून आम्हाला शंका आली. नेमप्लेटवरचा अनुक्रमांक उत्पादक कंपनीला कळवला, तेव्हा तो रोबो बराच जुना असून पूर्वी दुसऱ्याच ग्राहकाला विकला गेला होता, असे लेखी उत्तर आले. हे उत्तर मिळवायला एक ई-मेल पुरतो, आणि तो माल निघण्यापूर्वीही पाठवता येतो.

यापुढचा प्रकार मात्र पैशांच्या फसवणुकीपलीकडचा आहे. जॉब चकमध्ये जॉला नीट टेकून बसला आहे की नाही, हे तपासण्यासाठी जॉच्या तोंडाशी बारीक छिद्रातून हवा सोडतात. जॉब टेकला असेल तर छिद्र बंद होऊन नळीतला दाब वाढतो, प्रेशर स्विच सिग्नल देतो आणि मगच मशीनला सायकल सुरू करता येते. मध्ये चिप (कापलेल्या धातूचा कीस) अडकली असेल किंवा फ्लॅशमुळे जॉब तिरका बसला असेल, तर हवा निसटते आणि मशीन थांबते. माणूस हाताने जॉब बसवतो तेव्हा ही तपासणी त्याची बोटेच करतात. रोबोला ती अशी बसवून द्यावी लागते. कोटेशनमध्ये ही सोय किमतीसह वेगळी नोंदवली होती. एका पाळीत तिरका बसलेला जॉब हजार आरपीएमच्या वर फिरून चकमधून सुटला आणि दरवाजाच्या काचेवर जाऊन आदळला. दरवाजा बंद होता म्हणून कोणाला इजा झाली नाही. चिकलठाण्याच्या इंडो-जर्मन टूल रूममध्ये शिकून आमच्याकडे लागलेल्या सेटरने त्या संध्याकाळी निळी हवेची नळी हाताने चाचपत पॅनेलपर्यंत नेली. आत तिचे टोक दुमडून केबल टायने बांधलेले होते. प्रेशर स्विच कुठेच नव्हता, आणि जिथे त्याची वायर यायला हवी होती, त्या टर्मिनलला थेट २४ व्होल्ट जोडून दिलेले होते. म्हणजे जॉब बसो वा न बसो, मशीनला कायम ‘बसला आहे’ असाच सिग्नल जात होता.

आम्ही शेवटचे दहा टक्के रोखले. त्यानंतर थोड्याच दिवसांत एका सकाळी स्क्रीनवर परवान्याची मुदत संपल्याचा संदेश आला आणि रोबो जागचा हलेना. पीएलसीच्या (सगळ्या यंत्रणेचा क्रम चालवणाऱ्या नियंत्रकाच्या) प्रोग्रॅममध्ये तारखेचे कुलूप घातलेले होते आणि पासवर्ड विक्रेत्याकडे होता. वार्षिक परवाना शुल्क भरा, असे सांगण्यात आले. ऑर्डरमध्ये अशा शुल्काचा उल्लेखही नव्हता.

कायद्याच्या बाजूनेही चित्र सोपे नाही. व्यापारी कारणासाठी घेतलेल्या यंत्राची तक्रार ग्राहक आयोगाकडे सहसा चालत नाही. पोलीस ठाण्यात हा दिवाणी व्यवहार असल्याचे सांगितले जाते. दिवाणी मार्गाने जायचे, तर तीन लाखांवरच्या व्यावसायिक वादात तातडीचा अंतरिम आदेश मागायचा नसेल तर आधी मध्यस्थीचा टप्पा पार करावा लागतो. आमचे प्रकरण सध्या तिथे आहे. त्यात पुरवठादाराने उलट आमच्यावरच डाव टाकला. त्याची नोंदणी सूक्ष्म उद्योग म्हणून असल्याने, उरलेली रक्कम थकवल्याबद्दल २००६ च्या एमएसएमई विकास कायद्याखाली सुविधा परिषदेकडे (थकीत बिलांचे वाद ऐकणाऱ्या सरकारी परिषदेकडे) जाण्याची नोटीस त्याने पाठवली. लहान पुरवठादारांच्या रक्षणासाठी केलेल्या या कायद्यात थकीत रकमेवर बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज आहे, आणि माल मिळाल्यापासून पंधरा दिवसांत लेखी हरकत घेतली नाही, तर माल स्वीकारला असेच धरले जाते. आमच्या कर सल्लागारांच्या आग्रहामुळे फोटोंसह हरकतीचा ई-मेल त्या मुदतीत गेलेला होता. नोटिशीला उत्तर देताना तोच कागद सर्वांत जास्त उपयोगी पडला. फोनवरच्या तक्रारी आणि व्हॉट्सॲपवरचे ‘बघतो साहेब’ यांना तिथे फारसे वजन नसते. बिलावरच्या १८ टक्के जीएसटीचे क्रेडिटही बराच काळ अडकले, कारण पुरवठादाराने विवरणपत्र भरल्याशिवाय ती रक्कम आपल्या जीएसटीआर-२बी मध्ये (पुरवठादारांच्या विवरणपत्रांवरून तयार होणाऱ्या क्रेडिटच्या तक्त्यात) दिसतच नाही. त्यामुळे आगाऊ रक्कम देण्यापूर्वी त्याची विवरणपत्रे वेळेवर भरली जातात का, हे जीएसटीच्या संकेतस्थळावर पाहून घ्यावे.

तो रोबो आता कुंपणाच्या आत बंद आहे. एका लेथसाठी आम्ही गँट्री लोडर घेण्याचे ठरवले, तेव्हा अटी आम्ही लिहिल्या. चाचणी आमच्या शेडमध्ये, आमच्या माणसाने थेट फोर्जिंगच्या पेटीतून काढलेल्या ब्लँकवर, पूर्ण एक पाळी. महावितरणची वीज मध्येच खंडित करून, लोडरचा हात चकमध्ये असताना थांबलेले यंत्र पुन्हा कसे चालू होते, तेही त्याच चाचणीत. सीट चेकच्या, म्हणजे जॉब टेकल्याच्या हवेच्या तपासणीच्या, छिद्राखाली मुद्दाम चिप ठेवून मशीन थांबते का, हे डोळ्यांसमोर. पीएलसीचा आणि रोबोचा प्रोग्रॅम पासवर्डसह आमच्या ताब्यात, आगाऊ रकमेइतकी बँक गॅरंटी, आणि चाचणी होईपर्यंत तीस टक्के रक्कम आमच्याकडे. हे वाचून एका विक्रेत्याने दुसऱ्या दिवसापासून फोन उचलणे बंद केले. दुसऱ्याने बँक गॅरंटीच्या खर्चापोटी किंमत थोडी वाढवून मागितली, बाकी अटींवर सही केली, आणि पहिल्याच भेटीत आमच्या पेटीतले सर्वांत जाड फ्लॅशचे ब्लँक स्वतः निवडून मोजायला घेतले.