भयपटाच्या सुरुवातीसाठी भाड्याचा कॅमेरा : म्हापशातील एक दुकान

आमच्या विद्यार्थी भयपटाच्या सुरुवातीच्या दृश्यासाठी कॅमेरा, दिवे आणि माइक आम्ही म्हापसा बाजाराजवळच्या एका दुकानातून भाड्याने घेतले. साहित्य देण्यापूर्वी मालकांनी पटकथा मागून घेतली आणि जुन्या घरात कंदील घेऊन शिरणाऱ्या मुलीचे दृश्य वाचून मोठ्या दिव्यांऐवजी लहान एलईडी पॅनेल व कमी उजेडातही चालणारी एफ १.८ची लेन्स सुचवली, हे मला विशेष वाटले. आपल्याकडील वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असल्यामुळे सेकंदाला २५ फ्रेमवर चित्रीकरण करताना शटर १/५० सेकंद ठेवल्यास ट्यूबलाइटची लुकलुक टळते, हेही त्यांनी कॅमेऱ्यावर प्रत्यक्ष दाखवले. पावसाळ्यात वातानुकूलित दुकानातून बाहेर आणलेल्या लेन्सवर बाष्प धरते, म्हणून बॅग काही वेळ बंदच ठेवण्याची त्यांची सूचनाही उपयोगी पडली.

ध्वनीची बाजू मात्र लंगडी आहे. बूम माइकचे (लांब दांड्यावरच्या माइकचे) वारा अडवणारे केसाळ आवरण पार विरलेले होते, आणि भयपटात दाराची करकर चित्राइतकीच महत्त्वाची असते (निदान आमच्या दिग्दर्शकाचे तसे ठाम मत आहे). अनामत रक्कमही विद्यार्थ्यांच्या खिशाला जड जाते. सार्वजनिक जागी चित्रीकरण करायचे असल्यास एंटरटेन्मेंट सोसायटी ऑफ गोवा या सरकारी संस्थेकडे परवानगीचा अर्ज आपला आपणच करावा लागतो.