वेगोव्हीचं पेन: औषध चोख, हिशोब लांबचा

वजन उतरवणाऱ्या वेगोव्ही या इंजेक्शनच्या पेनबद्दल मेडिकलच्या काउंटरवर पहिला प्रश्न येतो, 'किती किलो उतरतं?' दुसरा येतो, 'किती महिने घ्यायचं?' पहिल्याचं उत्तर ऐकून लोक खूश होतात आणि दुसऱ्याचं ऐकून मागे फिरतात. कारण हा तीन महिन्यांचा कोर्स नाही. बीपीच्या गोळीसारखं हे औषध आजार आटोक्यात ठेवतं, मुळापासून काढत नाही. पेनचं मूल्यमापन करायचं तर याच मापाने करायला हवं.

आत आहे सेमाग्लुटाइड. 2021 साली प्रसिद्ध झालेल्या स्टेप-1 चाचणीत 1,961 जण होते. 68 आठवड्यांत औषधवाल्यांचं वजन सरासरी 14.9 टक्के उतरलं, तर औषध नसलेलं इंजेक्शन घेणाऱ्यांचं 2.4 टक्के. आहार-व्यायामाचा सल्ला दोन्ही गटांना सारखाच होता. 'मनावर घेतलं की होतं' म्हणणाऱ्यांनी तो 2.4 चा आकडा नीट बघावा. मनावर त्यांनीही घेतलं होतं. आणि औषध घेऊनही साधारण सातातल्या एकाचं वजन 5 टक्केसुद्धा उतरलं नाही. हे सहसा कोणी सांगत नाही.

चाचणी संपल्यावर काही जणांचं औषध थांबवून वर्षभर वजन पाहिलं, तर उतरलेल्यापैकी दोन तृतीयांश परत आलं होतं. यात आळस शोधू नये. वजन घटलं की चरबीतून येणारं, भूक आवरणारं लेप्टिन हे संप्रेरक कमी होतं, जठरातलं भूक लावणारं घ्रेलिन वाढतं, मेंदूला वाटतं उपासमार चालली आहे. मग तो भूक वाढवतो आणि बसल्या जागी होणारा कॅलरीखर्च कमी करतो. मेलबर्नच्या 2011 मधल्या अभ्यासात डाएट संपून वर्ष झालं तरी ही संप्रेरकं पूर्वपदावर आलेली नव्हती. सेमाग्लुटाइड आतड्यातल्या जीएलपी-1 या भूक शमवणाऱ्या संप्रेरकाची नक्कल करून भुकेच्या याच यंत्रणेवर काम करतं. शरीरातलं जीएलपी-1 दोन-तीन मिनिटांत निकामी होतं. हे आठवडाभर टिकतं, म्हणून टोचणं आठवड्याला एकदाच.

पेन म्हणून वस्तू चांगली आहे. एका पेनमध्ये चार डोस, म्हणजे चार आठवडे. 0.25 मिलिग्रॅमपासून सुरुवात, मग दर चार आठवड्यांनी 0.5, 1, 1.7 आणि शेवटी 2.4. त्रास होत असेल तर डॉक्टर एखाद्या पायरीवर जास्त दिवस थांबवतात, त्यात कमीपणा काही नाही. पायऱ्या गाळून वर चढणारे मात्र उलट्यांनी बेजार होऊन औषधच सोडून देतात.

टोचताना दर वेळी नवी सुई. नवं पेन पहिल्यांदा वापरताना आधी फ्लो चेक करायचा, सुईच्या टोकावर थेंब दिसला पाहिजे. मग पेनची चकती फिरवून डोस लावायचा, पोट, मांडी किंवा दंडावर टोचायचं, बटण दाबून धरायचं. पेनवरचा डोसचा आकडा शून्यावर आला की लगेच सुई ओढू नका. सावकाश सहा मोजा, नाहीतर औषध कातडीवर ओघळतं. काम झालं की सुई काढून टाका. ती पेनला तशीच ठेवली तर औषध गळतं किंवा सुई बुजते. चार डोसनंतर पेनमध्ये थोडं औषध उरलेलं दिसतं. त्यातून पाचवा डोस काढण्याचा मोह आवरा; पेन टाकून द्यायचं.

खरी पंचाईत उन्हाळ्यात. न उघडलेलं पेन 2 ते 8 अंशांत ठेवायचं. उघडल्यावर सहा आठवडे चालतं, पण 30 अंशांखाली. नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात 'बाहेर ठेवलं तरी चालतं' हे वाक्य विसरा, फ्रिजच बरा. फ्रीजरच्या कप्प्याला किंवा मागच्या गार भिंतीला टेकवू नका. एकदा गोठलेलं पेन वाया गेलं. डोस चुकला आणि पाच दिवस उलटले नसतील तर आठवताच घ्या. उलटले असतील तर तो सोडून पुढच्या ठरलेल्या वारी.

मळमळ स्टेप-1 मध्ये 44 टक्के लोकांना झाली, बद्धकोष्ठही बऱ्याच जणांना. पोट सावकाश रिकामं होत असल्यामुळे डोस वाढवलेल्या आठवड्यात तर्रीदार मिसळ आणि भजी हमखास बाधतात. थोडं थोडं खा, पोट भरल्यासारखं वाटलं की ताट बाजूला करा. भूकच मेल्यामुळे चहा-बिस्किटावर दिवस काढणं ही दुसरी चूक, कारण मग चरबीसोबत स्नायूही जातात. दिवसाला साधारण 60 ते 80 ग्रॅम प्रथिनं लागतात; दोन अंडी म्हणजे जेमतेम 12 ग्रॅम, 100 ग्रॅम पनीर सुमारे 18. मूत्रपिंडाचा आजार असेल तर हे प्रमाण डॉक्टरांनी ठरवायचं. जोडीला आठवड्यातून दोन-तीनदा वजनं उचलण्याचा व्यायाम. मधुमेहासाठी ग्लिमेपिराइडची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर त्याचा डोस आधी कमी करून घ्या, नाहीतर साखर खाली जाते.

मला सगळ्यात खटकतो तो पात्रतेचा निकष. बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) 30, किंवा जोडीला आजार असेल तर 27. भारतीयांसाठी लठ्ठपणाची रेषा 25 ला धरतात, आणि त्याला कारण आहे. पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी 2004 मध्ये स्वतःची आणि एका ब्रिटिश सहकाऱ्याची तुलना छापली होती: दोघांचाही बीएमआय 22.3, पण शरीरातली चरबी याज्ञिकांची 21.2 टक्के, सहकाऱ्याची 9.1. म्हणून काट्याबरोबर टेपही वापरा. कंबर पुरुषांत 90 आणि बायकांत 80 सेंटिमीटरच्या वर असेल तर साखर, चरबी आणि लिव्हर तपासून घ्या, बीएमआय काहीही म्हणो.

किंमत. जून 2025 मध्ये भारतात आलं तेव्हा सुरुवातीच्या डोसचं पेन 17,345 रुपयांना होतं. नोव्हेंबरमध्ये 10,850 वर आलं, 2.4 चं 16,400 वर. सेमाग्लुटाइडचं मूळ पेटंट मार्च 2026 पर्यंतचं, त्यामुळे इतर कंपन्यांच्या पेनशी तुलना केल्याशिवाय पैसे मोजू नका. दोन वर्षं परवडणार नसेल तर सुरू करण्याआधीच डॉक्टरांशी तसं स्पष्ट बोला.

घरात कोणाला मेड्युलरी थायरॉईड कॅन्सर (थायरॉईडचा एक दुर्मिळ कॅन्सर) झालेला असेल तर हे औषध नको. मूल हवं असेल तर निदान दोन महिने आधी बंद. ऑपरेशन ठरलं असेल तर भूलतज्ज्ञांना आधी सांगा. पाठीत जाणारी, न थांबणारी पोटदुखी झाली तर पुढचा डोस न घेता थेट दवाखाना गाठा. स्वादुपिंडाला सूज आलेली असू शकते.