पाच बाजूंचा रिफ्लेक्टर आणि सोलापूरचं ऊन: आठ महिन्यांनंतर

दिवाळी झाल्या झाल्या नोव्हेंबरात घेतला होता, आता जुलै चाललाय, म्हणजे आठ महिने होत आले. घेतल्या घेतल्या पाच स्टार देऊन मोकळी झाले होते ते आता बरोबर वाटत नाही म्हणून नीट लिहितेय. वस्तू कोणती तर ११० सेंटीमीटरचा गोल, घडी होणारा फाइव्ह इन वन रिफ्लेक्टर, म्हणजे उजेड चेहऱ्यावर परतवायला धरतात तो. सोनेरी, चंदेरी, पांढरी, काळी अशा चार बाजूंचं झिपवालं कव्हर, आणि आत स्प्रिंगच्या रिंगवर ताणलेलं अर्धपारदर्शक पांढरं कापड, ज्याला डिफ्यूजर म्हणतात. माझ्याकडं कॅनन १५००डी कॅमेरा आणि ५० एमएम एफ १.८ लेन्स (एफचा आकडा जितका लहान तितकं लेन्सचं तोंड मोठं). शिकाऊच आहे, बँकेतली नोकरी सांभाळून रविवारी घरातल्यांना उन्हात उभं करायचं एवढंच.

घेतला का, तर माझ्या फोटोत सगळ्यांच्या डोळ्यांच्या जागी दोन खड्डे यायचे. वहिनीचा साखरपुड्याचा फोटो मी काढला होता गच्चीवर, दुपारी साडेबाराला, आणि तो बघून ती म्हणाली, "ताई, मी आजारी होते का त्या दिवशी?" तेव्हा लेन्स बदलावी असं वाटलं होतं, पण लेन्सनं नाकाची सावली जात नाही हे कळायला मला वर्ष लागलं.

पहिल्याच दिवशीची गंमत सांगते. पिशवीची चेन उघडली आणि तो बाहेर असा काही उसळला की भावाच्या हातातला चहाचा कप थेट दिवाणावर. उघडणं असं सोपं, बंद करणं मात्र कुणालाच जमेना. हॉलमध्ये आम्ही चौघं त्याच्याशी झटत होतो, वीस मिनिटं तरी गेली असतील, शेवटी बारा वर्षांच्या भाच्यानं व्हिडिओ बघून जमवलं. दोन्ही कडा धरायच्या, एक हात स्वतःकडं आणि एक पलीकडं असा पीळ द्यायचा, की इंग्रजी आठच्या आकड्यासारखा होऊन तीन रिंगा आपोआप एकावर एक बसतात. जोर लावला की बिघडतं. तेव्हापासून भाचा कायमचा असिस्टंट, मजुरी म्हणून दर वेळी एक पावभाजी.

सोनेरी बाजूचं आधी बोलून टाकते कारण फोटोत तीच सगळ्यात भारी दिसते आणि तिचाच उपयोग सगळ्यात कमी. आपल्या रंगावर सोनेरी उजेड मारला की माणूस हळदीच्या कार्यक्रमातनं उचलून आणल्यासारखा दिसतो, आणि एकाच गालावर पिवळा उजेड पडलेला असला की नंतर एडिटिंगमध्ये तो सहज निघत नाही, गाल नीट करायला जावं तर मागचं आभाळ निळंजांभळं होतं. आठ महिन्यांत दोनदा वापरली.

चंदेरी बाजू म्हणजे आरसाच म्हणा ना. सोलापूरच्या उन्हात सहा फुटांवरनं मारली तरी समोरचा माणूस डोळे मिटून घेतो, आत्या तर चिडलीच, "डोळे फोडायलास का माझे" म्हणाली. एक युक्ती सापडली, आधी डोळे मिटायला सांगायचे, तीन म्हटलं की उघडायला लावायचे आणि त्या क्षणी क्लिक. पण अशानं चेहऱ्यावर जो भाव येतो तो दचकल्यासारखा, त्यामुळं तीही बाजू आता संध्याकाळी ऊन मऊ झाल्यावरच बाहेर काढते, तेही लांबनं.

पांढरी बाजू रोजच्या कामाची. माझी पद्धत अशी की सूर्य माणसाच्या पाठीमागं ठेवायचा, संध्याकाळी साडेपाचच्या पुढं, म्हणजे केसांच्या कडेला उजेडाची रेघ येते आणि डोळे बारीक होत नाहीत, मग चेहरा अंधारात जातो तो पांढऱ्या बाजूनं उचलायचा. पण जवळ पाहिजे, दोन-तीन फूट, त्याच्या मागं गेलं की काही फरकच पडत नाही, मी सुरुवातीला भाच्याला आठ फुटांवर उभं करून "काम करत नाही हा रिफ्लेक्टर" म्हणत होते. दुसरं म्हणजे खालून धरायचा नाही. मांडीवर आडवा ठेवला की उजेड हनुवटीखालनं येतो आणि टॉर्च धरून भूत करतात तसा चेहरा होतो. चेहऱ्याच्या उंचीला, जरा बाजूनं, आणि डोळ्यांत त्याचा पांढरा ठिपका दिसेपर्यंत फिरवत राहायचं. ठिपका दिसला की डोळे जिवंत वाटतात, नाही दिसला की कितीही शार्प फोटो असू दे, मेलेले.

चष्मेवाल्यांचं मात्र वेगळंय. शेजारचे मामा, आयुष्यभर पॉवरलूमवर काम केलेलं, हातावरच्या शिरा बघाव्यात अशा, त्यांचा फोटो त्यांच्याच दारात काढत होते तर दोन्ही काचांमध्ये दोन पांढऱ्या चकत्या, पापड ठेवल्यासारख्या. चष्मा काढा म्हटलं तर म्हणाले चष्म्याशिवाय मी मी वाटणार नाही, आणि खरंच होतं ते. मग रिफ्लेक्टर बाजूला सरकवून वर घेतला, मामांना हनुवटी एक बोटभर खाली घ्यायला सांगितली, चकत्या काचेवरनं निसटल्या. त्या फोटोत अजून एक गडबड होती जी घरी येऊन दिसली, एका गालावर लालसर झाक. शोधलं तर बाजूच्या तारेवर लाल चादर वाळत घातली होती, आपली सोलापुरी, तिच्यावर पडलेलं ऊन गालावर येत होतं. तेव्हापासून कुठंही उभं करायच्या आधी आजूबाजूला काय रंगाचं आहे ते बघते, गुलाबी भिंत, हिरवी ताडपत्री, सगळं चेहऱ्यावर येतंय.

आता खरं सांगायचं ते डिफ्यूजरचं. मी सुरुवातीचे पाच महिने कव्हर काढलंच नव्हतं, आतलं कापड म्हणजे नुसती फ्रेम समजत होते. एप्रिलमध्ये झिप अडकून तुटली, कव्हर निघालं ते बसेना, आणि नाइलाजानं तसाच पांढरा पडदा घेऊन गेलो. तोच दिवस कामाचा ठरला.

सोलापूर साधारण साडेसतरा अंशांच्या जरा वर आहे, त्यामुळं मेच्या दुसऱ्या आठवड्यात दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो, उभ्या काठीची सावली पडत नाही तो दिवस आपल्याकडं तेव्हाच असतो. अशा उन्हात कपाळ आणि नाकाचा शेंडा पांढरा, डोळे काळे, याला रिफ्लेक्टर काहीच करू शकत नाही, उलट दोन्हीकडनं ऊन लागतं. पडदा मात्र डोक्यावर फूट-दीड फुटावर धरला की कडक सावली विरघळून जाते, ढग आणून दिल्यासारखी. आणि दुसरा फायदा असा जो माझ्या आधी लक्षातच आला नव्हता. भर उन्हात आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता, १०० ला ठेवली की एफ १६ वर शटर साधारण १/१०० सेकंद लागतं, हा जुना हिशेब. तोच एफ २ वर नेला तर १/६४०० पाहिजे, आणि माझा कॅमेरा १/४००० ला थांबतो. म्हणजे मागचं धूसर करायला लेन्स उघडली की चेहरा धुवून जायचा, मी मीटरिंगला, म्हणजे कॅमेऱ्याच्या उजेड मोजण्याला, दोष देत बसायचे. पडद्यानं उजेड एक स्टॉप, म्हणजे निम्मा, तरी खाल्ला की तेच १/३२०० वर येतं आणि बसतं. हे गणित कागदावर केलं तेव्हा बँकेच्या नोकरीचा पहिल्यांदा फोटोग्राफीला उपयोग झाला.

अडचण अशी की ११० सेंटीमीटरमध्ये डोकं आणि खांदेच झाकतात, मागचं सगळं उन्हातच राहतं. मग चेहरा बरोबर घेतला की मागची भिंत पेटल्यासारखी पांढरी. म्हणून मागं पण सावली पाहिजे, कडुनिंब, गल्लीची सावलीतली बाजू, किंवा भुईकोट किल्ल्याच्या तटासारखा काळपट दगड. खरं तर मोठ्या दरवाज्याच्या कमानीत दोन पावलं आत उभं केलं तर यातलं काहीच लागत नाही, बाहेरनं एका बाजूनं मऊ उजेड येतो, फुकटात. हे रिफ्लेक्टरच्या रिव्ह्यूत लिहिणं बरोबर नाही पण आता लिहिलंच.

एफ १.८ वर सारखं काढू नका हे पण सांगते. दीड मीटरवरनं माझ्या कॅमेऱ्यावर जेमतेम सहा सेंटीमीटर पट्टा शार्प येतो, डोळ्यावर फोकस घेऊन फ्रेम हलवली की कान शार्प आणि डोळा गेला. ठरलेला एकच फोकस पॉइंट डोळ्यावर नेऊन एफ २.८ ला काढते, सुखी आहे.

गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेत नेला होता, तो मूर्खपणा. संक्रांतीच्या त्या गर्दीत गोल रिफ्लेक्टर उघडायला जागा कुठली, एक जण म्हणाला, "काय बे, छत्री धरून काय करायलाव?" गुंडाळून ठेवला. पण नंदीध्वजाच्या मिरवणुकीतले ते पांढऱ्या बाराबंदीतले लोक एकमेकांना खेटून चालत होते आणि एकाच्या पांढऱ्या कपड्याचा उजेड दुसऱ्याच्या चेहऱ्यावर पडत होता, सगळे एकमेकांचे रिफ्लेक्टर. त्या दिवशीचे चेहरे माझ्याकडच्या सगळ्यात चांगल्या फोटोंपैकी आहेत. फक्त एक्स्पोजर, म्हणजे फोटोत येणारा उजेड, जरा खाली घ्यावं लागलं, नाहीतर बाराबंदीच्या सुरकुत्या सगळ्या उडून जातात.

तक्रारी. वारं. उघडा मैदानी भाग असला की हा रिफ्लेक्टर राहत नाही, शीड होतो, सिद्धेश्वर तलावाच्या काठावर भाचा अक्षरशः दोन पावलं ओढला गेला. स्टँड आणि होल्डर वेगळा घेतला होता, विटा बांधूनसुद्धा दोनदा पडला, दुसऱ्यांदा कॅमेऱ्याच्या बॅगवर, मग विकून टाकला. माणूसच लागतो, एकट्यानं फिरणाऱ्यांनी घेऊ नये असं माझं स्पष्ट मत. उन्हाळ्यात गाडीच्या डिकीत दुपारभर राहिला तर चंदेरी थराला सुरकुत्या पडल्या त्या गेल्याच नाहीत. झिपबद्दल विक्रेत्याला लिहिलं तर बदलून द्यायची मुदत संपली एवढं एका ओळीचं उत्तर. गल्लीतल्या टेलरनं नवीन बसवून दिली, मूळच्यापेक्षा जाड.

काळी बाजू जूनमध्ये कळली. पाऊस सुरू झाल्यावर आभाळ भरलेलं असतं, सगळीकडनं सारखा उजेड, चेहरा भाकरीसारखा सपाट येतो. एका बाजूला काळं धरलं की त्या गालावरचा उजेड कमी होतो आणि जबड्याची रेघ दिसायला लागते. वहिनीला हे फार आवडलं, बारीक दिसते म्हणाली. साखरपुड्याच्या फोटोचं पाप थोडं फिटलं.

घ्यायचा का म्हणाल तर ८० सेंटीमीटरवाला घेऊ नका, डोक्यावर धरायला पुरत नाही. आणि नुसता उजेड उचलायचा असेल तर घरातला पांढरा टॉवेल ताणून धरला तरी काम होतं, सोलापुरात राहून टॉवेलला काय तोटा. मी पैसे दिले ते आतल्या पडद्यासाठी, हे मला पाच महिन्यांनी कळलं. पाचपैकी साडेतीन.

आत्ता तो घरात नाही, टेलरकडं आहे, कडेची शिवण उसवली होती. गुरुवारी देतो म्हणालाय, आणि भाच्यानं आत्ताच पावभाजीचं विचारून ठेवलंय.