बॉनेट गरम होतं

विकत घ्यायची म्हणून एक जुनी गाडी पाहायला गेलो तेव्हा बॉनेट गरम होतं. सवयीने मी त्यावर तळहात टेकवला. मालक लगेच म्हणाले, "आत्ताच पेट्रोल भरून आलो. म्हटलं, तुम्हाला चक्कर मारायला बरं पडेल." आत बसून चावी फिरवली तर पेट्रोलचा काटा रिझर्व्हला टेकलेला. हे मला दिसलं. दिसूनही मी गप्प बसलो, कारण गाडी आवडली होती आणि समोरचा माणूस वयाने मोठा, बोलायला मऊ. फसवणारा उर्मटच असणार, असं आपण उगाच धरून चालतो.

मी काहीच तपासलं नव्हतं असं नाही. ऑइलचं झाकण उघडून आतून बोट फिरवलं. दुधाळ साय नव्हती. डिपस्टिकवरचं, म्हणजे ऑइलची पातळी पाहायच्या कांडीवरचं, ऑइल स्वच्छ होतं. ऑइलमध्ये पाणी मिसळलेलं नाही, म्हणजे हेड गॅस्केट (इंजिनचा ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्यामधलं सील) शाबूत, असा निकाल मीच देऊन टाकला. छोटी चक्कर मारली आणि कागदावर सही केली. त्यात एक ओळ होती: 'गाडी आहे त्या स्थितीत, पाहून-तपासून घेतली.'

गाडी ताब्यात घेतली तेव्हाच हौसेने किलोमीटरच्या मीटरचा फोटो काढला. तो पुढे फार कामाला आला.

सकाळी चालू करताना पहिले काही सेकंद इंजिन लंगडल्यासारखं थरथरायचं आणि सायलेन्सरमधून पांढरा धूर निघायचा. गारठ्यामुळे असेल म्हटलं. हीटर लावला तर गार हवा. तेही सोडून दिलं. नवव्या दिवशी एका लांब चढावर टेम्परेचरचा काटा बघता बघता लाल पट्ट्यात गेला आणि बॉनेटच्या फटीतून वाफ यायला लागली. गाडी बाजूला घेतली आणि मूर्खासारखा कूलंटच्या (इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या) टाकीचं झाकण उघडायला निघालो. मागे थांबलेल्या एका ट्रकवाल्याने ओरडून अडवलं. आतलं पाणी दाबाखाली असतं, म्हणून १०० अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही; झाकण सैल झालं की एकदम उसळतं. तो ओरडला नसता तर हे सगळं लिहायला हात धड राहिले नसते.

दुसऱ्या दिवशी मेकॅनिकने थंड गाडीचं तेच झाकण काढलं आणि इंजिन चालू केलं. टाकीत एकामागून एक बुडबुडे येऊ लागले. मग त्याने एका नळीत निळं द्रावण भरलं, नळी टाकीच्या तोंडावर बसवली आणि रबरी फुग्याने टाकीतली हवा त्यातून ओढायला लागला. मिनिटभरात निळ्याचं पिवळं झालं. सिलिंडरमधला जळका वायू पाण्यात शिरत होता.

"पण ऑइल तर स्वच्छ आहे," मी म्हटलं.

"असणारच," तो म्हणाला. "गॅस्केट तीन गोष्टी वेगळ्या ठेवतं. वायू, पाणी, ऑइल. तुमचं वायू आणि पाण्याच्या मध्ये उडालंय. ऑइलचा संबंधच नाही."

म्हणजे झाकण उघडून मी जी हुशारी दाखवली होती, तिने या बिघाडाबद्दल काहीच कळणार नव्हतं. कळलं असतं ते थंड इंजिन चालू करताना. गाडी रात्रभर उभी असली की त्या फटीतून थोडं पाणी सिलिंडरमध्ये झिरपतं. सकाळचा धूर आणि थरथर त्याचीच. इंजिन एकदा तापलं की दोन्ही गायब. आता कळलं असेल, मी पोहोचण्याआधी गाडी कशासाठी फिरवून आणली होती. म्हणून निघण्याआधी फोन करून स्पष्ट सांगा, मी येईपर्यंत गाडी चालू करू नका, आणि पोहोचल्यावर बॉनेट गरम लागलं तर कारण न विचारता दुसऱ्या दिवशी या. चालवतानाही गल्लीतल्या चकरेवर भागवू नका. अर्धा तास तरी चालवा, हीटर लावून.

हीटरचं कोडंही तिथेच सुटलं. टाकीच्या तळाशी तपकिरी गाळ होता, बोटावर चोळला तर त्यात चमकणारे कण. गळती तात्पुरती बुजवायला कूलंटमध्ये टाकतात ते औषध. ते हीटरच्या बारीक नळ्यांतही जाऊन बसलं होतं.

मग त्याने गाडीच्या कॉम्प्युटरला स्कॅनर लावला. फॉल्ट कोड, म्हणजे कॉम्प्युटरने ठेवलेल्या बिघाडाच्या नोंदी, पुसल्यापासून धावलेलं अंतर: २१४ किलोमीटर. मी मोबाइलमधला फोटो काढून मीटरमधून वजाबाकी केली. माझ्याकडे गाडी २०६ चालली होती. राहिले ८. माझ्या ताब्यात येण्याच्या ८ किलोमीटर आधी कुणीतरी कोड पुसले होते.

इथे माझी दुसरी चूक, पहिलीपेक्षा महागातली. चिडून मी म्हटलं, "काढून टाका ती घाण, हेड उतरवा, काम सुरू करा." पाण्याबरोबर गाळ गटारात गेला. संध्याकाळी वकील मैत्रिणीला फोन केला. ती म्हणाली, "कागदावरची ती ओळ मुद्दाम लपवलेल्या दोषावर पांघरूण घालतेच असं नाही. पण विकणाऱ्याला माहीत होतं हे तुला दाखवावं लागेल. औषधाचा नमुना ठेवलास ना?" स्कॅनरच्या पडद्याचा फोटोही मी काढला नव्हता. मेकॅनिकने तपासणीचा लेखी अहवाल दिला आणि जुनं गॅस्केट पिशवीत घालून दिलं. सिलिंडर आणि पाण्याच्या वाटेच्या मधली कड नखाएवढी काळी पडून तुटलेली आहे. हेड तापून वाकलं होतं, त्याला फेसिंग मारून, म्हणजे घासून सपाट करून, घ्यावं लागलं.

मालकांना फोन केला. आवाज तितकाच मऊ. "अहो, माझ्याकडे कधी तक्रार नव्हती. तुम्ही दामटली असेल." मी कोड पुसल्याचं सांगितलं, गाळाचं सांगितलं. ते जरा थांबले. मग म्हणाले, "तुम्ही स्वतः बॉनेटवर हात ठेवून पाहिलं होतं ना? तेव्हाच बोलायचं."