‘लिटल विमेन’ : सात महिने, तिघी वाचक आणि आईचा एकच प्रश्न

आधी खरेदीबद्दल सांगते, कारण पहिल्या खेपेला मी फसले. दिवाळीत लेकीसाठी ‘लिटल विमेन’ची स्वस्तातली इंग्रजी प्रत मागवली. मेग, ज्यो, बेथ आणि अ‍ॅमी या चार मार्च बहिणींची ही अमेरिकन गोष्ट. डिसेंबर संपता संपता मेगचं लग्न ठरलं आणि तिथंच पुस्तकही संपलं. लेक पानं उलटीपालटी करत राहिली. "अगं, आणि ज्योचं काय?" शोधाशोध केल्यावर उलगडा झाला. लुइसा मे अल्कॉटच्या या कादंबरीचा पहिला भाग 1868 साली आला, दुसरा 1869 साली. पहिल्यात 23 प्रकरणं, दुसऱ्यात 24. आमच्या प्रतीनं अर्ध्यावरच दुकान बंद केलेलं आणि मुखपृष्ठावर त्याबद्दल चकार शब्द नाही. तेव्हा घेताना अनुक्रमणिका उघडा, 47 प्रकरणं मोजा, मगच पैसे द्या.

दुसरी प्रत घेतली ती मूळ पाठाची. हे एवढ्यासाठी सांगते की 1880 च्या एकत्रित आवृत्तीत पुस्तकाला जरा इस्त्री केली गेली. मुलींची बोलीभाषा सभ्य झाली, आणि त्यांची आई, जी आधी चक्क जाडसर होती, ती उंच आणि भारदस्त झाली. हे ऐकून माझी आई म्हणाली, "जाड होती तेच खरं वाटतं. चार पोरी, घरात पैसा नाही, नवरा लढाईवर. ती भारदस्त दिसायला वेळ कुणाला होता?"

आमची पद्धत अशी : जेवणं आटोपली की लेक मोठ्यानं वाचते, अडलं की मी मराठीत सांगते, आई वाती वळत ऐकते. तिनं शांता शेळक्यांचा मराठी अनुवाद ‘चौघीजणी’ पूर्वी कधीतरी वाचलेला, त्यामुळे गोष्ट तिला ठाऊक होती. (नाव काय नेमकं शोधलंय शांताबाईंनी! ‘छोट्या स्त्रिया’ म्हटलं असतं तर कोण हात लावणार होतं? ‘चौघीजणी’ म्हटलं की घरातल्याच वाटतात.)

आई पतसंस्थेत तीस वर्षं रोखपाल होती. तिचा प्रश्न दर दोन पानांनी एकच. "किती?" सुरुवातीला आम्ही दोघी वैतागायचो. मग लक्षात आलं, अल्कॉटबाई प्रत्येक वेळी उत्तर देते. नाताळला प्रत्येकीकडे एकेक डॉलर. वडील वॉशिंग्टनच्या इस्पितळात आजारी पडल्यावर ज्यो केस विकून आणते 25 डॉलर, आणि रात्री उशीत तोंड खुपसून त्याच केसांसाठी रडते. मेग लग्नानंतर मैत्रिणीच्या बरोबरीनं मिरवायला 50 डॉलरचं रेशमी कापड घेते आणि नवरा आपल्या नव्या ओव्हरकोटाची ऑर्डर गुपचूप रद्द करतो. अ‍ॅमी तर शाळेत मान राखायला बहिणीकडून पैसे घेऊन खारवलेली लिंबं आणते, चोवीस. आपल्याकडे चिंचा-बोरं चालायची तशी तिथल्या मुलींत त्या काळी लिंबं चालत. मास्तर ती दोन-दोन करून खिडकीबाहेर फेकायला लावतो आणि वर छड्या मारतो. लेकीला हा प्रसंग इतका लागला की त्या आठवड्यात आमच्या लोणच्याची बरणी निम्मी झाली.

खरी मजा 27 व्या प्रकरणात. ज्योला कथेचं बक्षीस मिळतं, 100 डॉलर. वडील म्हणतात, याहून चांगलं लिहू शकशील, पैशाकडे बघू नकोस. अ‍ॅमी म्हणते, मला तर पैसाच त्यातला सगळ्यात छान भाग वाटतो. ज्यो त्या पैशांवर आजारी बेथला आणि आईला समुद्रावर पाठवते, आणि मग तिच्या एकेका भडक कथेतून खाटकाचं बिल भागतं, नवा गालिचा येतो. आईनं वात तशीच हातात धरून सांगितलं, "त्या वडलांना म्हणावं, मग खाटकाला तुम्ही पैसे द्या."

ती बोलली ते लेखिकेच्या घरालाही तंतोतंत लागू. वडील ब्रॉन्सन अल्कॉट मोठे विचारवंत, कमाईच्या नावानं शून्य. शिवण, शिकवणी, घरकाम, अमेरिकेतल्या यादवी युद्धात जखमी सैनिकांची शुश्रूषा, असं सगळं लुइसानं केलं. प्रकाशकानं मुलींसाठी पुस्तक मागितलं तेव्हा तिनं रोजनिशीत लिहून ठेवलं की मुली मला कधी आवडल्याच नाहीत, माझ्या बहिणी सोडून फारशा कुणी माहीतही नाहीत. तरी कॉन्कर्डच्या घरात, वडिलांनीच खिडकीशी बसवून दिलेल्या छोट्या अर्धगोल फळीवर ती लिहायला बसली. आणि मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती गोष्ट ही : तिनं एकरकमी पैसे घेऊन पुस्तक विकलं नाही, हक्क स्वतःकडे ठेवले. त्यावर घरादाराचं कर्ज फिटलं. आई म्हणाली, "हुशार पोर."

तक्रारी आहेत. जवळजवळ प्रत्येक प्रकरणाच्या शेपटाला उपदेश बांधलेला, तो आम्ही मार्चपासून सरळ गाळायला लागलो. आयरिश गरिबांबद्दलचा सूर काही ठिकाणी खटकतो. आणि हॅना! स्वयंपाक तिचा, धुणं तिचं. घरातल्यांच्या लेखी ती मोलकरणीपेक्षा मैत्रीण जास्त, पण सगळ्या हिशोबी पुस्तकात तिचा पगार आम्हाला काही सापडला नाही.

बेथबद्दल थोडक्यातच लिहिते. लुइसाची धाकटी बहीण लिझी 1858 साली बाविसाव्या वर्षी गेली, तीच ही. शेवटी शेवटी बेथला सुई जड वाटायला लागते आणि ती खाली ठेवते ती कायमचीच. हे वाक्य आलं तेव्हा आईनं चष्मा काढला आणि "उद्या वाचू" म्हणाली. तिची धाकटी बहीण गोधड्या शिवायची. नंतर दहा दिवस पुस्तक फडताळात होतं, कुणी काढलं नाही.

शेवटावर लेक अजून चिडलेली आहे. वाचक मुलींनी ज्योचं शेजारच्या लॉरीशी लग्न लावून द्या म्हणून पत्रं पाठवली, तेव्हा अल्कॉट वैतागली होती, जणू लग्न हेच बाईच्या आयुष्याचं एकमेव ध्येय! ती स्वतः अविवाहित राहिली. पण ज्योला मात्र तिनं पावसात एका छत्रीखाली भेअर नावाच्या जर्मन प्रोफेसरच्या गळ्यात बांधलंच. वर ज्यो शाळा काढते तीही मुलग्यांची. "मुलींची का नाही?" याचं उत्तर माझ्याकडे नाही. मला प्रोफेसर तसा आवडला, पण ज्योनं त्याच्या नापसंतीमुळे कमाईच्या कथा चुलीत घातल्या ते मीही माफ केलेलं नाही.

आईची हरकत वेगळीच होती. शाळा निघते ती मार्चआत्यानं मागे ठेवलेल्या प्लमफिल्डच्या वाड्यात. लेकीनं ते वाचल्यावर आईनं तिला थांबवलं.

"आत्यानं वाडा कुणाला दिला? ज्योला की जावयाला?"

"ज्योला, आजी."

"परत वाच. नीट बघ."

लेकीनं परत वाचलं. ज्योलाच दिलेला होता. "हां, म्हणजे सातबारा हिच्या नावावर," असं म्हणून आईनं पुढची वात वळायला घेतली.