वीस मिनिटांत फुल चार्ज होणारा कंट्रोलर

ज्यांच्या घरी पीएस फोर, म्हणजे टीव्हीला जोडून खेळायचा सोनीचा गेम कन्सोल, आहे आणि मुलं दुसऱ्या कंट्रोलरसाठी, म्हणजे खेळताना हातात धरायच्या बटणांच्या यंत्रासाठी, मागे लागली आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितेय. नकली कंट्रोलरवर पैसे गेले त्याचं दुःख आहेच. पण त्याहून जास्त मनाला लागलंय ते हे, की दुकानदाराच्या बोलण्यावर विश्वास ठेवून मी दोन महिने माझ्या धाकट्यालाच बोलत राहिले. "तुला नीट चार्जिंग लावता येत नाही, तूच बिघडवलास." तो बिचारा दर वेळी सांगायचा की आई, मी बरोबर लावलं होतं. तो खरंच बरोबर लावत होता.

आम्ही सांगलीचे. पुण्याच्या दिरांनी त्यांचा जुना पीएस फोर मुलांना दिला, सोबत एकच कंट्रोलर. दोघांत एक म्हटल्यावर रोजची भांडणं. गौरी-गणपतीला मुंबईला नणंदेकडे गेलो होतो, तेव्हा एका इलेक्ट्रॉनिक्स बाजारात चौकशी केली. एका दुकानात मुलगा म्हणाला, "मॅडम, कंपनीत पाच-साडेपाच हजाराला पडेल. आपल्याकडे ओरिजिनलच आहे, फक्त इम्पोर्टचा माल. २,८०० ला देतो." मी शंका काढली, तर त्यानं लगेच दुकानातल्या कन्सोलला वायर लावून दाखवला. पुढचा दिवा लाल झाला. पीएस फोरवर पहिल्या खेळाडूचा दिवा निळा असतो, दुसऱ्याचा लाल, हे मुलांमुळे मला ठाऊक होतं. लाल दिवा बघून मला वाटलं, झालं, खरा आहे. गेममधला माणूस पळाला, बटणं चालली. पाच मिनिटांचं ते प्रात्यक्षिक संपेपर्यंत त्यानं वायर एकदाही काढली नाही, हे आता आठवतं.

पैसे यूपीआयने दिले. स्क्रीनवर दुकानाचं नाव न येता कुणा माणसाचं नाव आलं. "मालकांचं खातं आहे," म्हणाला. बिल मागितलं तर छोट्या वहीतलं पान फाडून दिलं. त्यावर 'कंट्रोलर १ नग' एवढंच, आणि खाली शिक्का, विकलेला माल परत घेतला जाणार नाही. मी स्वतः पतसंस्थेत नोकरी करते, दिवसभर पावत्याच हाताळते. तरी घाईत होते, मुलं खूश होती, आणि ते पान पर्समध्ये टाकून निघाले.

घरी आल्यावर पहिल्याच संध्याकाळी अडलं. खोक्यातली केबल लावली तर नारंगी दिवा लागायचा, म्हणजे चार्जिंग चालू, पण कन्सोल काही कंट्रोलर ओळखेना. फोन केला. उत्तर आलं, "मॅडम, ती चार्जिंगची केबल आहे. पेअरिंगची वेगळी लागते, ३५० रुपये पाठवा, कुरिअर करतो." पेअरिंग म्हणजे कंट्रोलरची कन्सोलशी ओळख जुळवणं. मी पैसे पाठवले. आली ती साधी मायक्रो यूएसबी केबल, दिरांच्या सामानात आधीच होती तसलीच.

इथे नीट सांगते, कारण हे मला तेव्हा माहीत असतं तर पहिल्याच दिवशी संशय आला असता. पीएस फोरच्या कंट्रोलरला चार्जिंगची एक आणि पेअरिंगची दुसरी असं काही लागत नाही. एकच केबल दोन्ही कामं करते. कन्सोल चालू करायचा, केबल जोडायची, कंट्रोलरच्या मधलं पीएसचं बटण दाबायचं. झालं पेअर. त्यानंतर वायर काढली तरी चालतो. फोन किंवा लॅपटॉपला ब्लूटूथने जोडायचा असेल तर शेअरचं आणि पीएसचं बटण एकत्र दाबून धरायचं, दिवा भराभर लुकलुकायला लागतो. आणि काहीच ऐकत नसेल तर मागच्या बाजूला, एल टू बटणाजवळ, एक बारीक भोक असतं. त्यात टाचणी घालून काही सेकंद दाबलं की रीसेट होतो.

फरक असतो तो केबलमध्ये. ट्रिमर, टॉर्च, स्वस्तातले दिवे यांच्यासोबत येणाऱ्या कितीतरी केबलींमध्ये फक्त विजेच्या दोन तारा असतात, माहिती नेणाऱ्या तारा नसतात. अशी केबल चार्ज करते, पेअर करत नाही. ओळखायची सोपी पद्धत म्हणजे मायक्रो यूएसबीचा एखादा जुना फोन त्या केबलने कॉम्प्युटरला लावून बघायचा. फोनवर 'फाइल ट्रान्सफर' निवडल्यावर त्यातल्या फाइल्स दिसल्या तर केबल पूर्ण आहे. नुसताच चार्ज होत असेल तर ती बाजूला ठेवा. त्या दुकानदारानं खोक्यात अर्धी केबल घालून पूर्ण केबल मला वेगळी विकली.

बरं, पेअर झाला. मुलांनी खेळायला घेतला आणि चाळीस-पंचेचाळीस मिनिटांत बंद. आमचा जुना कंट्रोलर इतकी वर्षं वापरून अजून तीन-चार तास आरामात जातो. पुन्हा फोन. यावर तो जे बोलला ते शब्द मला पाठ आहेत. "मॅडम, हे नवीन मॉडेल आहे, चार्ज किती फास्ट होतो बघितलंत का? वीस मिनिटांत फुल. लवकर उतरला तर लवकर चढतो पण." आणि खरंच, वीस-पंचवीस मिनिटांत नारंगी दिवा विझायचा. आम्हाला ते चांगलंच वाटलं.

खरी गोष्ट अशी. सोनीच्या मूळ ड्युअलशॉक फोरमध्ये, म्हणजे पीएस फोरच्या कंट्रोलरमध्ये, १,००० एमएएचची बॅटरी असते (एमएएच हे बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप). कंट्रोलरच्या मागच्या लेबलवर ५ व्होल्ट, ८०० मिलिअँपिअर असं छापलेलं असतं, म्हणजे तो साधारण तेवढाच प्रवाह ओढतो. १,००० ला ८०० नं नुसतं भागलं तरी सव्वा तास होतो, आणि बॅटरी भरत आली की चार्जिंग मंदावतं. म्हणून पूर्ण उतरलेला कंट्रोलर भरायला सुमारे दोन तास लागतात. गच्चीवरची टाकी रोज दोन तासांत भरत असेल आणि एक दिवस त्याच नळानं वीस मिनिटांत वाहायला लागली, तर नळाला जोर आला असं आपण म्हणणार नाही, टाकीत काय झालंय ते वर जाऊन बघू. इथे मात्र मी ते बघितलं नाही.

दिवाळीच्या सुट्टीत तो अर्धा तासही टिकेना. मी तिसऱ्यांदा फोन केला. आता आवाज बदलला होता. "कशाने चार्ज करता? मोबाईलच्या चार्जरने? फास्ट चार्जर असेल. मग बॅटरी उडणारच मॅडम, तुमची चूक आहे. वॉरंटी गेली. पाठवून द्या, बॅटरी बदलून देतो, ६५० रुपये." आणि मी मान्य केलं. कारण धाकटा खरंच कधीकधी माझ्या फोनचा चार्जर लावायचा. त्या रात्री त्याला मी जे बोलले ते इथे लिहवत नाही.

त्या पोराची चूक नव्हती. चांगल्या कंपनीचा फास्ट चार्जर समोरच्या वस्तूनं मागितल्याशिवाय जास्त व्होल्टेज सोडत नाही, मागणी नसली की तो साध्या ५ व्होल्टवरच चालतो. आणि चार्जरवर दोन किंवा तीन अँपिअर लिहिलेलं असलं तरी तो तेवढं ढकलत नाही, वस्तू हवं तेवढंच ओढते. मला वाटतं ही थाप सगळीकडे चालते, कारण आपल्यापैकी बहुतेकांना चार्जिंगबद्दल मनात धाकधूक असते. आपलंच काहीतरी चुकलं असणार, हे आपण आधीच मान्य करून बसलेलो असतो. दुकानदाराला फक्त बोट ठेवायचं असतं.

कंट्रोलर आठ दिवसांनी परत आला. आठवडाभर बरा चालला, मग पुन्हा तेच. एका सकाळी मोठीनं तो हातात घेतला आणि म्हणाली, आई, हा मधेच फुगल्यासारखा वाटतोय. दोन्ही अर्ध्यांच्या सांध्यात नख जाईल एवढी फट पडली होती. रात्री तो धाकट्याच्या उशाशी चार्जिंगला होता. ते आठवलं की अजून अंगावर काटा येतो.

आमच्या कोपऱ्यावर मोबाईल दुरुस्ती करणारा एक पोरगा आहे. त्याच्याकडे दोन्ही कंट्रोलर घेऊन गेले. त्यानं आधी चार्जिंग बंद करायला सांगितलं, मग मागचे चार स्क्रू काढले. आमचा जुना उघडला तेव्हा आत प्लास्टिकच्या खाचेत नीट बसलेली, कडक आवरणाची बॅटरी होती. वर एलआयपी १५२२ हा मॉडेल क्रमांक आणि १,००० एमएएच छापलेलं. नव्यात त्या खाचेत चॉकलेटच्या वडीएवढी, चंदेरी पाकिटासारखी बॅटरी दोन्हीकडून चिकटणाऱ्या पट्टीनं डकवलेली. पोट फुगलेलं. वर स्टिकर, २,००० एमएएच. तो पोरगा म्हणाला, "काकू, एवढ्याशा तुकड्यात दोन हजार बसतच नाही. ही फार तर दोनशे-अडीचशेची असेल. आणि ही बदललेली नाही, जुन्यावरच नवीन स्टिकर मारलाय. हे बघा, खाली दुसऱ्या स्टिकरची कड दिसतेय." त्यानं नखानं कड उचलून दाखवली. सर्किटचा बोर्डही वेगळा होता, सोनीच्या बोर्डावर असतो तसा क्रमांक कुठेच नव्हता. ६५० रुपये मी एका स्टिकरचे दिले होते.

घरी येऊन मोठीनं दोन्ही कंट्रोलर स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवले, नव्याचा तो फुगलेला तुकडाही सोबत ठेवून. जुना २१० ग्रॅम भरला, नवा १६८. हे दुकानात करता येण्यासारखं आहे. मूळ कंट्रोलर सुमारे २१० ग्रॅमचा असतो, हातात घेतल्यावर भरीव लागतो, हलवला तर बटणं खुळखुळत नाहीत. पण त्याहूनही आधी खोकं बघा. बाहेरून आणलेल्या पॅकबंद मालावर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता, एमआरपी, महिना-वर्ष आणि तक्रारीसाठी संपर्क छापलेला असावा लागतो, कायदाच आहे तसा. आमच्या खोक्यावर यातलं काहीही नव्हतं. आणि दुकानात दाखवायला लावला तर वायर काढायला लावा, निदान पंधरा-वीस मिनिटं बिनवायरीचा चालू द्या. स्क्रीनवर बॅटरीच्या रेघा दिसतात, त्या कशा उतरतात ते उभ्या उभ्या कळतं.

फुगलेली बॅटरी कुणी दाबू नका, टोचू नका, घरच्या कचऱ्यात टाकू नका. आमची वजन झाल्यावर त्या पोराकडेच परत दिली, त्याच्याकडून ती ई-कचरावाल्याकडे जाते. कंट्रोलर खरा असो की खोटा, गादीवर, उशीखाली, रात्रभर चार्जिंगला लावणं आमच्या घरात आता बंद आहे.

दुकानदाराला फोटो पाठवले. आधी "आमचा माल नाही हा" असं उत्तर, मग ब्लॉक. मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. तिथून दुकानाकडे गेलेल्या पत्राला उत्तर आलं नाही, म्हणून आता सांगलीच्याच जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज केलाय. हे खूप जणांना माहीत नसतं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, मुंबईला खेटे घालावे लागत नाहीत. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची. बिल न देणं आणि सदोष माल परत घ्यायला नकार देणं, दोन्ही त्या कायद्यात अनुचित व्यापारी प्रथेत बसतं, त्यामुळे त्या शिक्क्याला मी घाबरले ते उगाचच. माझ्याकडे पुरावा म्हणून यूपीआयच्या तीन नोंदी आहेत, ते वहीतलं पान आहे, कुरिअरच्या पावत्या आणि सगळे मेसेज आहेत. ब्लॉक झाल्यावर रागानं चॅट पुसून टाकणार होते, मोठीनं हात धरला.

एकूण ३,८०० रुपये त्याला गेले, कुरिअरचे वेगळे. धाकट्याची मी माफी मागितली. तो काही बोलला नाही, फक्त विचारलं, "मग माझ्यामुळे नाही ना झालं?"

महिन्यानं दिरांनी पुण्यातल्या अधिकृत विक्रेत्याकडून पक्क्या बिलावर नवा कंट्रोलर आणून दिला. धाकट्यानं तो आधी पूर्ण उतरू दिला, मग चार्जिंगला लावून भिंतीवरच्या घड्याळासमोर अभ्यासाला बसला. नारंगी दिवा विझला तेव्हा एक तास पन्नास मिनिटं झाली होती. वहीच्या मागच्या पानावर त्यानं ती वेळ लिहून ठेवलीय.